टोरोंटोत परसात घर बांधण्याची परवानगी : नियम उदार, पण निर्णय बाजूच्या वाटेवर

कॅनडातील टोरोंटो शहरात राहत्या घराच्या मागे, परसात किंवा मागच्या बोळाला लागून, दुसरे लहान स्वतंत्र घर बांधण्याची मुभा महापालिका देते. बोळाला लागून बांधलेल्या घराला येथे लेनवे सूट म्हणतात आणि बोळ नसलेल्या परसातील घराला गार्डन सूट. भारतातून आई-वडिलांना दीर्घ मुक्कामासाठी बोलावणाऱ्या, किंवा लग्न झालेल्या मुलाला जवळच पण वेगळी चूल मांडून देऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांत हे दोन्ही शब्द आता सर्रास ऐकू येतात. शहराच्या ईस्ट यॉर्क भागात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या परसात असे घर उभे राहावे म्हणून पहिल्या चौकशीपासून मी तिच्या कुटुंबासोबत आहे. हे परीक्षण कोणा एका बिल्डरचे नसून महापालिकेच्या या संपूर्ण सेवेचे आहे : नियम कसे आहेत, ते सामान्य घरमालकाला समजतील असे मांडले आहेत का, आणि अर्जापासून प्रवेशापर्यंतच्या वाटेत माणूस कुठे अडतो.

माझे मत आरंभीच नोंदवते. नियमांना मी पाचपैकी चार गुण देईन आणि माहितीच्या मांडणीला अडीच. ही तफावत का, ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण याच तफावतीत अनेक कुटुंबांचे नकाशांवर खर्च झालेले पैसे वाया जातात.

आजची मुभा सहजासहजी मिळालेली नाही. टोरोंटोत महापालिकेच्या मालकीचे २,४०० हून अधिक बोळ आहेत. त्यांच्या कडेला पडक्या गॅरेजांची रांग असते आणि त्या गॅरेजांच्या जागी माणसे राहू शकतील ही कल्पना जुनीच आहे. तरीही २००६ साली महापालिकेने पाणी, सांडपाणी, कचरा आणि अग्निशमन या सेवांच्या अडचणी पुढे करून ती बाजूला ठेवली. व्हँकुव्हरने २००९ मध्येच बोळातील घरांना परवानगी दिली, तेव्हा टोरोंटो नुसते पाहत राहिले. २०१७ मध्ये एव्हरग्रीन आणि लेनस्केप या संस्थांनी नागरिकांशी बोलून एक अहवाल मांडला, ॲना बायलाओ आणि मेरी-मार्गारेट मॅकमहन या नगरसेविकांनी तो विषय सभागृहात लावून धरला, आणि २०१८ मध्ये शहराच्या जुन्या भागासाठी, तर २०१९ मध्ये संपूर्ण शहरासाठी लेनवे सूटचे नियम संमत झाले. बोळ नसलेल्या घरांची पाळी फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. गार्डन सूटच्या त्या निर्णयाविरुद्ध काही रहिवासी संघटना प्रांताच्या भूमी न्यायाधिकरणाकडे गेल्या होत्या. ते अपील त्याच वर्षी जुलैमध्ये फेटाळले गेले आणि नियम लागू झाले. स्कारबरो, एटोबिको आणि नॉर्थ यॉर्कच्या मोठ्या भागांत बोळ जवळपास नाहीतच, परस मात्र ऐसपैस आहेत. आपल्या लोकांची वस्तीही तिकडे बरीच आहे. त्यामुळे मराठी वाचकाला बहुधा गार्डन सूटच्या नियमांशीच काम पडते.

या नियमांचा सर्वांत मोठा गुण असा की आपला प्रस्ताव ठरलेल्या मापांत बसत असेल तर परवानगी हक्काने मिळते. सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमती नाही, नगरसेवकाच्या कचेरीत खेटे नाहीत. थेट बांधकाम परवान्याचा अर्ज करायचा. एखादे माप थोडे चुकत असेल तर कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट नावाच्या समितीपुढे जाऊन किरकोळ सवलत मागता येते, आणि २०२२ च्या प्रांतिक कायद्यानंतर त्या समितीच्या निर्णयावर शेजाऱ्याला अपील करता येत नाही. परक्या देशात, शेजाऱ्यांशी जेमतेम ओळख असताना, आपले घर कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय महापालिकेला मनापासून दिले पाहिजे.

मापेही समंजस आहेत. गार्डन सूटने जमिनीवर जास्तीत जास्त ६० चौरस मीटर जागा व्यापावी, ती परसाच्या ४० टक्क्यांहून अधिक नसावी आणि त्या घराचे आतील क्षेत्रफळ मूळ घरापेक्षा कमी असावे. साठ चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट. पुण्यातील जुन्या सोसायटीत नीट आखलेला एक बेडरूमचा फ्लॅट एवढा असतो, आणि दोन ज्येष्ठ माणसांना तो पुरतो. मूळ घरापासून पुरेसे अंतर राखल्यास सुमारे ६ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे दोन मजले, चढवता येतात. मागच्या सीमेपासून साधारण दीड मीटरचे सामासिक अंतर सोडावे लागते. रुंद भूखंडावर परसाचा निम्मा भाग माती आणि हिरवळ म्हणून मोकळा ठेवावा लागतो. गाडीसाठी जागा दाखवण्याची सक्ती नाही, दोन सायकलींची सोय दाखवली की पुरे. महाराष्ट्रात बांधकाम परवानगीचा प्रत्येक नकाशा पार्किंगच्या चौकोनांनी भरलेला पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटते, पण एका गाडीची जागा वाचल्याने लहान परसातही घर बसते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

एक सावधगिरी इथेच सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑन्टारियो प्रांताने नवा विनियम काढून या मापांत फेरफार केले. पूर्वी मूळ घर आणि मागचे घर यांच्यात एक मजल्यासाठी ५ मीटर आणि दोन मजल्यांसाठी साडेसात मीटर अंतर लागत असे. आता ४ मीटरहून अधिक अंतराची अट घालता येत नाही. वरच्या मजल्याला तिरका छाट द्यायला लावणारी ४५ अंशांच्या कलत्या रेषेची अटही गेली. वरच्या खोलीत उभे राहिले की डोके छताला लागेल अशी आखणी याच रेषेपायी करावी लागे, त्यामुळे हा बदल अत्यंत स्वागतार्ह आहे. मात्र इंटरनेटवरील असंख्य लेख आणि व्हिडिओ अजूनही साडेसात मीटरचेच गणित सांगतात. आपले परस पुरेसे खोल नाही असे कोणी दोन-तीन वर्षांपूर्वी सांगितले असेल, तर ते उत्तर आता पुन्हा तपासून घ्यावे.

आता अडचणीकडे वळते. एवढे उदार नियम वाचून माणूस परस मोजायला धावतो, पण बहुतेक घरांचे भवितव्य परसात ठरत नाही. दोन घरांच्या मधल्या अरुंद वाटेत ठरते.

कारण अग्निशमनाचे आहे. आग लागली तर बंब समोरच्या रस्त्यावर उभा राहणार आणि जवान पाइप घेऊन पायी मागच्या घरापर्यंत जाणार, असे नियमाने गृहीत धरले आहे. म्हणून रस्त्यापासून मागच्या घराच्या दारापर्यंत सलग मोकळी वाट लागते. तिची रुंदी साधारण १ मीटर (काही परिस्थितीत ०.९ मीटरपर्यंत सूट मिळते), उंचीची मोकळीक २.१ मीटर आणि एकूण लांबी ४५ मीटरच्या आत असावी लागते. बंब जिथे उभा राहील तिथून जवळचा हायड्रंटही, म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळही, ४५ मीटरच्या आत लागतो. अंतर जास्त भरत असेल तर स्प्रिंकलरसारखे (आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) अतिरिक्त उपाय करून ९० मीटरपर्यंत मर्यादा वाढवून घेता येते, पण रुंदीला असा पर्याय सहसा नसतो.

बहिणीच्या घराची ती वाट मी नीट पाहिली आहे. कागदावर दोन घरांच्या भिंतींमध्ये ऐसपैस अंतर दिसते. प्रत्यक्षात त्यातला निम्म्याहून कमी भाग तिच्या मालकीचा, आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर गॅसचे मीटर बाहेर आलेले, त्याच्या पुढे पावसाच्या पाण्याचा पन्हळीचा नळ, मग एअर कंडिशनरचा खोका, आणि शेवटी कुंपणाचे दार, जे आतल्या बाजूला उघडते. मोजपट्टी भिंतीपासून भिंतीपर्यंत धरायची नसते. वाटेतील सर्वांत पुढे आलेल्या वस्तूपासून सीमारेषेपर्यंत धरायची असते. गॅसचे मीटर जिथे होते तिथे एक मीटर भरला नाही. नळ वळवता येतो, खोका परसात हलवता येतो, कुंपणाचे दार बदलता येते, पण गॅसचे मीटर हलवण्यासाठी गॅस कंपनीकडे वेगळा अर्ज, वेगळा खर्च आणि वेगळी प्रतीक्षा असते. जुन्या घरांत याच वाटेवर धुराड्याचा विटांचा फुगवटा असतो, तो तर हलवताच येत नाही.

अशा वेळी एक मार्ग उरतो. शेजाऱ्याच्या जमिनीचा थोडा भाग वाटेत धरायचा आणि तसा करार दोन्ही मिळकतींवर कायदेशीररीत्या नोंदवायचा. ईस्ट यॉर्कमधील अनेक घरांना दोन्ही शेजाऱ्यांची सामाईक मोटारवाट असते, त्यामुळे हा प्रश्न तिथे वारंवार येतो. ज्या नियमाने शेजाऱ्याच्या संमतीतून आपली सुटका केली, त्याच नियमातील ही वाट आपल्याला पुन्हा शेजाऱ्याच्या दारात उभे करते. आणि शेजाऱ्याने आपल्या मिळकतीवर कायमचा बोजा का चढवून घ्यावा, याचे उत्तर आपल्याजवळ असतेच असे नाही. बहिणीचा शेजारी ग्रीक वंशाचा, वयस्कर आणि अतिशय सज्जन गृहस्थ आहे. त्याच्या मुलीने वकिलाचा सल्ला घेतला आणि त्यानंतरच बोलणी पुढे सरकली. त्यात तिचे काही चुकले असे मला मुळीच वाटत नाही.

बोळांच्या बाबतीत ही अडचण आणखी टोकाला जाते. टोरोंटोचे बोळ शहराच्या जुन्या भागात आहेत, आणि नेमकी तिथलीच घरे एकमेकांना चिकटून, रांगेने किंवा जोडीने, पाच-सहा मीटर रुंदीच्या भूखंडांवर उभी आहेत. मागे बोळ आहे, पण बाजूने वाटच नाही. बोळ समोर दिसत असूनही बंब त्यात शिरेल असे धरले जात नाही. ज्यांचे घर बोळाच्या तोंडाजवळ आहे, म्हणजे शेजारच्या रस्त्यावरून बोळातून चालत ४५ मीटरच्या आत ज्यांचे मागचे दार येते, त्यांचे मात्र भाग्य उजळते. एकाच रांगेतील कोपऱ्याच्या घराला होकार आणि मधल्या घराला नकार मिळतो, तो यामुळे. लेनवे सूटसाठी भूखंडाची किमान साडेतीन मीटर कड सार्वजनिक बोळाला लागून असावी, ही अट बहुतेक घरे सहज पूर्ण करतात. त्यांचे घोडे अडते ते वाटेवर.

अग्निशमनाची ही अट मला चूक वाटत नाही. मागच्या घरात माझी मावशी झोपलेली असेल, तर जवानाला तिच्यापर्यंत पोहोचता आलेच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. महापालिकेच्या संकेतस्थळावर ही अट लिहिलेली आहे, पण ती उंची, अंतर आणि क्षेत्रफळ यांच्या सचित्र मांडणीनंतर येते, आणि ती बांधकाम संहितेची बाब असल्याने झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या जागेवर काय बांधता येईल हे दाखवणाऱ्या, नकाशावर ती दिसत नाही. महापालिकेचा ऑनलाइन नकाशा अप्रतिम आहे. पत्ता टाकला की भूखंडाचा झोन, अनुज्ञेय उंची, लागू असलेली अपवादात्मक कलमे सर्व समोर येते. त्यावर सारे अनुकूल दिसले की माणूस निश्चिंत होतो. घराच्या वाटेबद्दल आणि झाडांबद्दल तो नकाशा काहीच बोलत नाही. पहिल्याच पानावर ‘आधी बाजूची वाट मोजा’ असे ठळक लिहिले आणि मोजायची कशी याचे एक चित्र दिले, तर शेकडो कुटुंबांचा पहिला खर्च वाचेल.

झाडांचा विषय याच जातीचा आहे. टोरोंटोत खासगी जमिनीवरील झाडही, जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर त्याचा व्यास ३० सेंटीमीटर किंवा अधिक असेल तर, परवान्याशिवाय तोडता किंवा दुखावता येत नाही, आणि दंड एका झाडामागे १ लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. साध्या टेपने खोडाचा घेर मोजावा. तो सुमारे ९४ सेंटीमीटर भरला की झाड संरक्षित समजावे. पण केवळ खोड वाचवून भागत नाही. खोडाभोवती मुळांचे संरक्षित वर्तुळ राखावे लागते, ३० ते ४० सेंटीमीटरच्या झाडासाठी २.४ मीटर, आणि खोड जाड होत जाईल तसे ते वाढत ६ मीटरपर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाते. बांधकामापासून ६ मीटरच्या आत येणारी शेजाऱ्याची झाडेही मोजावी लागतात. खोड सीमारेषेवर असेल तर प्रांताच्या वनकायद्यानुसार ते दोघांच्या मालकीचे ठरते आणि शेजाऱ्याच्या संमतीशिवाय त्याला हात लावता येत नाही. बहिणीच्या परसाच्या कोपऱ्यावर, पलीकडच्या बाजूला, एक जुना नॉर्वे मेपल आहे. त्याच्या वर्तुळाने घराचा एक कोपरा गिळला आणि आराखडा पूर्वेकडे सरकवावा लागला. मला त्याचे दुःख नाही. उन्हाळ्यात त्या झाडाची सावली त्याच घरावर पडणार आहे. पण झाडांची चौकशी वेगळ्या विभागाकडे, वेगळ्या अर्जाने आणि स्वतंत्र वृक्षतज्ज्ञाच्या अहवालाने करावी लागते, आणि ती नकाशा काढण्याच्या आधी करावी हे कोणी सांगत नाही.

नळ आणि तारांबद्दल थोडक्यात. मागच्या घराला स्वतंत्र जोडणी मिळत नाही. पाणी, सांडपाणी आणि वीज मूळ घरातून, म्हणजे समोरच्या रस्त्यावरूनच न्यावी लागतात, आणि कचऱ्याचे डबेही समोरच ठेवावे लागतात. येथे जमीन थंडीत गोठते, म्हणून नळ सुमारे सव्वा मीटर खोल पुरावे लागतात आणि संपूर्ण परसात चर खणला जातो. सांडपाण्याला उतार मिळत नसेल तर पंप बसवावा लागतो. जुन्या घरांत विजेची जोडणी बहुधा १०० अँपिअरची असते. मागच्या घरात विजेवर चालणारा हीट पंप आणि शेगडी असेल तर ती २०० अँपिअरपर्यंत वाढवणे आलेच. कोणत्याही बिल्डरच्या अंदाजपत्रकात नळ, चर, पंप आणि वीज या चार ओळी वेगळ्या दाखवल्या आहेत का, ते पाहून घ्यावे. नसतील तर तो आकडा अपुरा आहे.

परवाना देणाऱ्या विभागाचे काम मला समाधानकारक वाटले. प्रांताच्या बांधकाम संहितेनुसार लहान घरांच्या पूर्ण अर्जावर कामकाजाच्या १० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. यात ‘पूर्ण’ या अटीवर सारे अवलंबून आहे. सर्वेक्षणाचा अधिकृत नकाशा, वाटेची मापे, झाडांचा अहवाल, यांतले काहीही कमी असेल तर ती मुदत लागू होत नाही. आधी झोनिंगची स्वतंत्र तपासणी करून घेण्याची सोय आहे. तिचे शुल्क भरावे आणि ती जरूर करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे, कारण त्यातून आपला प्रस्ताव हक्काने बसतो की समितीपुढे जावे लागेल हे लेखी कळते. पाया, सांगाडा, नळकाम, उष्णतारोधन अशा टप्प्यांवर निरीक्षक येऊन पाहतात, आणि शेवटी राहण्याची परवानगी देतात. आमच्याकडे आलेल्या निरीक्षकाने पायाच्या खड्ड्याजवळ गुडघे टेकून मातीचा थर हाताने दाबून पाहिला आणि एक कोपरा आणखी खोल घ्यायला लावला. त्या क्षणी खर्च वाढला म्हणून सर्वांचे चेहरे उतरले, पण अशीच तपासणी हवी.

तक्रार आहे ती बाजारात उगवलेल्या आराखडा कंपन्यांबद्दल. नाव घेत नाही, पण आमच्या ओळखीतील एका कुटुंबाकडून अशाच एका कंपनीने सर्वेक्षणाआधीच आराखड्याचे पूर्ण शुल्क घेतले, सुरेख रंगीत चित्रे दिली, आणि वाट ८० सेंटीमीटरच आहे हे अर्जाच्या वेळी उघड झाल्यावर करारातील बारीक अक्षरांकडे बोट दाखवले. करार करताना पहिल्या टप्प्यात फक्त शक्यता तपासणी असावी, तिचे शुल्क वेगळे असावे, आणि तिच्या लेखी अहवालात वाट, हायड्रंट, झाडे आणि सांडपाण्याचा उतार या चारही गोष्टींची मापे असावीत, असे लिहून घ्यावे. प्रामाणिक कंपनी याला नकार देत नाही.

पैशांच्या बाजूने नियम घरमालकाला बऱ्यापैकी साथ देतात. नव्या घरावरील विकास शुल्क येथे जबर असते. एका भूखंडावरील दुसऱ्या आणि तिसऱ्या घराला २०२२ च्या प्रांतिक कायद्याने त्यातून मोकळीक दिली आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्रीय नियमांत बदल होऊन, असे घर बांधण्यासाठी मिळकतीच्या बांधकामानंतरच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत विमासंरक्षित पुनर्कर्ज (म्हणजे तारण घरावरील कर्ज नव्याने वाढवून) घेता येते, ते मूल्य २० लाख डॉलरच्या आत असेल तर. तरीही पुरा खर्च काही लाख डॉलरच्या घरात जातो, हे विसरून चालणार नाही, आणि काम झाल्यावर मिळकतीचे मूल्यांकन वाढून मालमत्ता करही वाढतो. मागचे घर पर्यटकांना रोजच्या दराने देऊन हप्ते फेडू, असा बेत कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. टोरोंटोत अल्पमुदतीने केवळ स्वतःचे मुख्य निवासस्थानच देता येते, त्यामुळे समोरच्या घरात राहणाऱ्या मालकाला मागचे घर असे चालवता येत नाही. नेहमीच्या भाडेकरूला मात्र ते देता येते, आणि त्याला प्रांताच्या भाडेकरू कायद्याचे पूर्ण संरक्षण असते. आई-वडील येईपर्यंत दोन वर्षे भाड्याने देऊ, असा विचार असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भाडेकरूने जागा सोडणे आपल्या वेळापत्रकावर होत नाही.

आई-वडिलांसाठी हे घर कसे, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. सुपर व्हिसावर येणाऱ्या आई-वडिलांना २०२२ पासून एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते. एवढा काळ मुलाच्या तळघरात, खिडकीतून फक्त गवताची मुळे पाहत काढणे ज्येष्ठांना किती जड जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. गार्डन सूटमध्ये स्वतःचे दार असते, स्वतःची ओट्याची उंची असते, सकाळी सहाला कुकरची शिट्टी झाली तर कोणाची झोप मोडत नाही. माझ्या मते ज्येष्ठांसाठी दोन मजल्यांचा मोह टाळून एकच मजला बांधावा. अरुंद भूखंडावरील लेनवे सूटमध्ये झोपायची खोली बहुधा वर जाते आणि जिना चुकत नाही. त्या तुलनेत रुंद परसातील एकमजली गार्डन सूट कितीतरी सोयीचा आहे. आणि अग्निशमनासाठी सोडलेली ती एक मीटरची वाटच त्यांची रोजची ये-जा आहे, हे आखणीतच धरावे : तिला फरसबंदी हवी, रात्रीचा दिवा हवा, हिवाळ्यात तिथला बर्फ रोज कोण काढणार हे ठरलेले हवे. नियम एवढेच पाहतो की वाट मोकळी आहे. ती सत्तरीच्या माणसाला चालण्याजोगी आहे का, हे घरच्यांनी पाहायचे आहे.

शेवटची बाब वाटणीची. मागचे घर स्वतंत्र दिसले तरी भूखंड एकच राहतो. जमीन तोडून मागचे घर वेगळे विकण्याला महापालिकेचे धोरण अनुकूल नाही. दोन भावंडांनी मिळून पैसे घातले, एक पुढे आणि एक मागे राहिले, तरी कागदोपत्री ती एकच मिळकत असते, आणि एकाला बाहेर पडायचे झाले तर त्याचा हिस्सा दुसऱ्याने विकत घ्यावा लागतो किंवा सगळेच विकावे लागते. मालकीपत्रावर कोणाची नावे असतील, कोणी किती रक्कम घातली, कर्जाचा हप्ता कोण भरणार आणि कोणी सोडून गेल्यास मूल्य कसे ठरणार, हे वकिलाकडून लिहून घेतल्याखेरीज पायाचा खड्डाही खणू नये. माझ्या बहिणीने आणि तिच्या दिराने हा कागद आधी केला. घरात थोडे अवघडलेपण आले, एक-दोन जेवणे गप्प झाली, आणि मग दोघांनी सही केली.